पाटात मेंढ्या

पाटकरीण मावशीला "दमलात का?" असं विचारायची चूक माणूस आयुष्यात एकदाच करतो. त्यानंतर पुढचे चार-पाच किलोमीटर ती मागे वळून बघत नाही आणि विचारणाऱ्याला धापा टाकत तिच्या पाठीकडे बघत चालावं लागतं.

डोंगराच्या कडेकडेने एकोणीस किलोमीटर जाणारा एक जुना पाट आहे. तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नी-हातोड्याने खोदून काढला, एवढंच लोकांना ठाऊक आहे. वर घळीतल्या बंधाऱ्यापाशी तो सुरू होतो, कड्याच्या पोटातून जातो, एका ठिकाणी अंधाऱ्या बोगद्यात शिरतो, एका ठिकाणी लाकडी पन्हळीतून ओढा ओलांडतो आणि शेवटच्या गावाच्या तळ्यात जाऊन पडतो. त्या तळ्यावर फळबागा जगतात. पाटाचा उतार इतका बेताचा आहे की डोळ्यांना तो सपाटच वाटतो. उतार आहे हे फक्त पाण्याला आणि मावशीला कळतं. पाटाच्या बाहेरच्या काठावर दोन फुटांची पायवाट आहे, आणि तिच्यापलीकडे दरी.

या पाटाचं पाणी राखायचं काम, म्हणजे पाटकऱ्याचं काम, मावशीने तेहतीस वर्षं केलं. एक दिवस वरचा अर्धा भाग, दुसऱ्या दिवशी खालचा. जायचं आणि परत यायचं. एकदा एका हौशी माणसाने हिशेब करून तिला सांगितलं, "मावशी, तुम्ही पृथ्वीला साडेचार प्रदक्षिणा घातल्यात." मावशी म्हणाली, "प्रदक्षिणा घातल्या असत्या तर जग तरी बघितलं असतं. मी आपली रोज संध्याकाळी घरीच."

तिच्याआधी तिचे वडील पाटकरी होते. ते थकले तेव्हा दोन्ही भाऊ शहरात जाऊन बसले होते, आणि कचेरीतल्या साहेबाने या पोरीला विचारलं, "डोंगरात एकट्या बाईमाणसाने फिरायचं. भीती नाही वाटणार?" ती म्हणाली, "कुणाला?" साहेबाने पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर सही केली. नवरा सुतार मिळाला, शांत स्वभावाचा आणि स्वयंपाकात तिच्यापेक्षा दहा पटींनी बरा. तो लोकांना सांगायचा, "लग्न माझ्याशी झालं, संसार पाटाशी चाललाय. मी भाजी चिरतो." दोन मुलं झाली. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. मुलगा इथेच राहिला, लहानसहान बांधकामांचे ठेके घेऊ लागला. घरात त्याला धाकटा म्हणत, म्हणून गावातही तो धाकटाच झाला, तिशीला पोचला तरी.

अलीकडच्या काही वर्षांत पाटाच्या काठाने चालायला लोक येऊ लागले. पाठीला पिशव्या, दोन्ही हातांत काठ्या. मावशी म्हणायची, "देवाने दोन पाय दिलेत, यांना चार कशाला लागतात?" पण मनातून तिला ते आवडत. आपण ज्याच्यावर जन्म काढला ते बघायला कोणी आठ तासांचा प्रवास करून येतं, याचं कोणाला कौतुक वाटणार नाही? ती त्यांना बोगद्यात डोकं कुठे वाकवायचं ते सांगायची. पाण्यात पान टाकून दाखवायची. पान आपल्या पुढे चाललं तर पाट ठणठणीत आहे, पान मागे रेंगाळलं तर कुठेतरी गळती आहे किंवा गाळ आहे. हे तिचं यंत्र. दुसरं यंत्र म्हणजे फावडं.

तर अशा या मावशीच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना पाटावर संकट आलं.

झालं असं की पाटबंधारे खात्याने एकाच वेळी दोन कागद काढले. एक कागद म्हणाला, पाटाची वाट चालणाऱ्यांसाठी नीट करा, कठडे लावा, फलक लावा. दुसरा कागद म्हणाला, पाट म्हातारा झाला आहे, अर्धं पाणी वाटेतच जिरतं, तेव्हा खालच्या दरीतून पाइप टाकावा का याचा अहवाल द्या. पाइप आला म्हणजे पाट कोरडा. कोरड्या खड्ड्याशेजारून लोकांनी चालायचं आणि फलकावर वाचायचं की इथे एके काळी पाणी वाहायचं! मावशीला हा दुसरा कागद कळला तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. अहवाल लिहायचं काम नव्याने आलेल्या इंजिनिअर मॅडमकडे होतं. बाई तिशीची, सरळ, कमी बोलणारी, आणि जे दिसेल तेच लिहिणारी. तिला खोटं लिहायला लावणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

कठडे आणि फलक यांचा ठेका मिळाला धाकट्याला. आणि नेमकं त्याच वेळी मुलीचं बाळंतपण आलं. मावशीने तेहतीस वर्षांत पहिल्यांदा सहा आठवड्यांची रजा टाकली. जाताना धाकट्याला दारात उभं करून तिने बजावलं, "कठडे लाव, वाट बांध, काय हवं ते कर. पाटाच्या तळाला हात लावायचा नाही. मी आल्यावर मी बघेन."

"बरं, आई," धाकटा म्हणाला.

ती परतली रविवारी संध्याकाळी. सोमवारी सकाळी मॅडमच्या समोर, कामासाठी बंद केलेलं बंधाऱ्याचं दार उघडायचं होतं. सगळे वर गेले. कठडे खरोखर सुरेख झाले होते. हात फिरवला तर एक कुसळ लागणार नाही. मावशी खुशीत होती, नातीचे किस्से सांगत होती. दार उघडलं, पाणी आलं, चौथ्या किलोमीटरच्या दगडापर्यंत झकास गेलं. पाचव्यानंतर पाणी पातळ झालं. सहाव्याच्या आधीच तळाशी नुसता ओला डाग राहिला, आणि बघता बघता तोही सुकला. पाणी येत होतं आणि दगडांच्या सांध्यांतून दरीत जात होतं. वरून ओतलेलं सगळं खालून गायब.

मॅडमनी वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, "मावशी, मला शनिवारी संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा आहे. शनिवारी पाणी तळ्यात पोचलं, तर मी पाट चालू ठेवा म्हणून लिहीन. नाही पोचलं, तर पाइप. मला तिसरं काही लिहिता येणार नाही."

"पोचेल," मावशी म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली ते तिचं तिलाच माहीत.

मॅडम गेल्यावर ती पाटात उतरली आणि तळावर हात फिरवला. हाताला लागला उघडा, घासलेला दगड. मग तिने काठावरून खाली वाकून बघितलं. कठड्याच्या पलीकडे, उतारावर, काळ्या मातीचा लांबच लांब ढीग पडला होता.

"गाळ काढलास?"

"अगं, चांगला वीतभर होता!" धाकटा अजून शाबासकीची वाट बघत होता. "पाचव्यापासून सहाव्यापर्यंत, पूर्ण कड्याचा भाग. लोक इथेच फोटो काढतात ना? म्हटलं, तीनशे वर्षांचं दगडकाम दिसू दे. किती वर्षांची घाण साठली होती काय माहीत. मी स्वतः उभा राहून घासून घेतलं."

"अरे, ती घाण नव्हती," मावशी म्हणाली. "तोच पाट होता."

दगड फक्त डोंगराला धरून ठेवतात. पाणी धरते ती चिकणमाती. ती खाणीतून आणून, मळून, तळाला थापलेली असते, तिचे थरावर थर बसलेले असतात आणि ती कायम ओली ठेवावी लागते. आठ दिवसांपेक्षा जास्त पाट कोरडा ठेवत नाहीत तो त्यासाठीच. पाटकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला हे सांगावं लागतं का? तर लागतं. कारण मावशीने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. आपल्याला जे ठाऊक आहे ते आपल्या मुलाला जन्मतःच ठाऊक असणार, असं तिने धरून ठेवलं होतं. आणि धाकट्याला काम चोख करायची खोड. चुकार माणूस असता तर मातीला हातही लावला नसता, आणि पाट वाचला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धाकटा मटकन काठावर बसला. म्हणाला, "मी मॅडमना सांगतो."

"काय सांगशील? खात्यात एकदा नाव खराब झालं की दाराशी कोण उभं करतं? बायको आहे, पोरं आहेत. गप्प बस आणि फावडी गोळा कर."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती रात्रभर जागी होती, रागाने आणि त्याहून जास्त काळजीने. पण सकाळी दारात उभी राहिली ती नेहमीसारखीच, कमरेला पदर खोचून.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. गावातली पंचवीस माणसं, चार खेचरं आणि धाकटा. उतारावरून माती वर ओढायची, कमी पडली तर खाणीतून आणायची, भिजवायची, तळाला पसरायची. धाकट्याने तीन दिवसांत पंचवीस शब्दही उच्चारले नसतील. हाताला फोड आले, त्यांना फडकी बांधली, परत फावडं घेतलं. गुरुवारी दुपारी किलोमीटरभर माती तळात पडली. पण पडलेली माती म्हणजे पाट नव्हे. ती तुडवायला हवी, आणि तीही साधी नव्हे. घट्ट, एकजीव, बोट घुसू नये अशी. पंचवीस माणसांनी नाचायचं म्हटलं तरी पंधरा दिवस लागले असते. हातात होता एक.

मावशीला तिच्या वडिलांची आठवण झाली. ती अकरा वर्षांची असताना दरड कोसळून पाटाचा शे-दोनशे पावलांचा तुकडा गेला होता. वडिलांनी नवी माती भरली आणि तिच्यावरून मेंढ्या फिरवल्या. बारीक खूर, अंगाचं वजन बेताचं, आणि संख्या भरपूर. माणसाचं पाऊल माती दाबतं, मेंढीचा खूर माती कुटतो. पुन्हा कधी तशी वेळ आली नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मेंढ्या होत्या. तीनशे चाळीस होत्या. पण त्या होत्या वरच्या कुरणातल्या मेंढपाळाच्या, आणि त्या माणसाशी मावशी अठरा वर्षं बोलत नव्हती.

कारण अर्थातच पाट. मेंढ्या पाणी प्यायला आल्या की काठ ढासळायचा. मावशीने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याचा पुढारी मेंढा कानाला धरून सात किलोमीटर चालवत कचेरीत नेऊन बांधला. मेंढपाळ तो सोडवायला गेला तर साहेब म्हणाले, आधी मावशीची परवानगी आणा. तेव्हापासून तो तिला पाटाची महाराणी म्हणायचा आणि ती त्याला काहीच म्हणायची नाही, जे जास्त वाईट होतं.

गुरुवारी संध्याकाळी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"तुझ्या मेंढ्या हव्यात," ती म्हणाली. "उद्या. सगळ्या. पाटात."

मेंढपाळ लोकर विंचरत होता. त्याने फणी खाली ठेवली. "कानात जरा कमी ऐकू येतं हल्ली. कुठे म्हणालीस?"

"पाटात. तळाची माती तुडवायची आहे."

"अठरा वर्षं माझ्या मेंढ्यांना काठाला उभं राहू दिलं नाहीस, आणि आता आत घालू?"

"काठावर नको म्हटलं होतं. आत नको असं कधी म्हटलं?"

म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण अठरा वर्षांचा रुसवा एका वाक्यात सोडायचा म्हणजे फारच स्वस्तात गेला असता. "माझ्या मेंढ्याला सात किलोमीटर चालवलंस. त्याचा पाय आठ दिवस दुखत होता."

"ते चुकलं माझं," मावशी म्हणाली. "काठाचं नाही चुकलं. मेंढ्याचं चुकलं." हे शब्द काढताना तिला डोंगर चढण्यापेक्षा जास्त धाप लागली. "पाणी शनिवारी पोचलं नाही तर पाट जाईल. मग तुझ्याशी भांडायलाही मला जागा राहणार नाही."

तो उठला, आत गेला, दोन पेले चहा घेऊन आला. "तिसऱ्या किलोमीटरला एक दगडी कुंड बांधून द्यायचं. मेंढ्या तिथे पाणी पितील. काठाला शिवणार नाहीत."

"दिलं."

"आणि पुढाऱ्याची माफी मागायची."

"तो मेंढा मेला की रे कधीच!"

"त्याचा नातू आहे."

शुक्रवारी सकाळी मावशीने तीनशे चाळीस मेंढ्यांसमोर एका शिंगवाल्या मेंढ्याच्या कानात काहीतरी पुटपुटलं. काय ते तिने कोणालाही सांगितलं नाही. मग मेंढ्या आत गेल्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काठ, मध्ये अडीच फुटांचा पाट. वळायला जागा नाही, थांबायला जागा नाही, मागून ढकलणाऱ्या मेंढ्या. किलोमीटरभर खाली, वर आणून पुन्हा खाली, असं दिवसभर. मावशी पुढे डबड्याने पाणी शिंपत होती. धाकटा मागून, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, हुर्रर्र हुर्रर्र करत होता.

दुपारी मॅडम आल्या आणि कठड्याला धरून नुसत्या बघत राहिल्या. "मावशी, हे काय आहे?"

"रोलर," मावशी म्हणाली. "तीनशे चाळीस नग."

"आणि त्या... त्या जे आत टाकतायत ते?"

"लेंड्या. बागवाले त्या विकत घेऊन झाडांना घालतात. यंदा पाण्याबरोबर घरपोच."

मॅडमना हसू आवरलं नाही. पण वहीत त्यांनी लिहिलं ते वेळ, मेंढ्यांची संख्या आणि फेऱ्या. बाकी काही नाही. आणि जाताना म्हणाल्या, "उद्या मी पाण्याबरोबर चालणार आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

शनिवारी सकाळी सहाला दार उघडलं.

कोरड्या पाटातून येणारं पाणी कधी बघितलंय? ते धावत येत नाही. आधी पुढे धूळ आणि वाळकी पानं सरकतात, मुंग्या काठावर चढतात, मग त्यांच्यामागून पाण्याचं तोंड येतं, चाचपडत, प्रत्येक खड्डा भरून मगच पुढे. माणसाला त्याच्याबरोबर चालायचं तर मुद्दाम हळू चालावं लागतं, आणि मॅडमना हळू चालायची सवय नव्हती. त्यांच्या पायात कोरे बूट होते. पहिल्या किलोमीटरला त्या चार पावलं पुढे जाऊन थांबत होत्या, तिसऱ्या किलोमीटरला लंगडत होत्या. मावशीने त्यांना खाली बसवलं, टाचेला पट्टी लावली, बुटाची नाडी स्वतः बांधली. "घाई करून उपयोग नाही. पाट आपल्याला चालवतो, आपण त्याला नाही."

बोगदा आला. आत गारवा, भिंतींवर छिन्नीचे ओरखडे, आणि पाण्याचा आवाज अंगाला चिकटल्यासारखा जवळ. मॅडमनी भिंतीवर हात ठेवला आणि तसाच चालवत नेला. पलीकडे आल्यावर एकदम ऊन, आणि खाली सगळी दरी. मॅडम म्हणाल्या, "मी कागदावर हा पाट शंभर वेळा बघितला होता." मावशीला ही बाई तेव्हा आवडली.

पण कामाचं माणूस कामाचंच विचारतं. चौथ्या किलोमीटरच्या दगडापाशी मॅडमनी विचारलं, "तळाची माती कोणी काढली? मला कारण लिहावं लागेल. पाट आपोआप गळला की कोणाच्या चुकीने, यात फरक आहे."

धाकटा फावडं घेऊन दहा पावलं मागे येत होता.

"मी," मावशी म्हणाली. "जाताना मीच सांगून गेले होते, तळ साफ करा म्हणून."

"तुम्ही?"

"वय झालं. विसरायला होतं." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या तोंडून निघालं, आणि ते धादांत खोटं होतं. तिला फोड फुटल्यासारखं झोंबलं, पण तिने मान ताठ ठेवली. मागे धाकट्याचं पाऊल थबकलं ते तिला ऐकू आलं. मग ते पुन्हा चालू लागलं.

पाचवा दगड आला. पाण्याचं तोंड नव्या मातीवर चढलं आणि मंदावलं. रंग बदलला, चहासारखा गढूळ झाला. सगळे थांबले. पाणी दहा पावलं गेलं, पुन्हा पाच पावलं गेलं, आणि मध्येच एका जागी बुडबुडे यायला लागले. बुडबुडे म्हणजे खाली वाट सापडली. पाणी पुढे यायचं थांबलं.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं, हे इथे कबूल करायला हवं. ती फावड्याकडे वळेपर्यंत धाकट्याने पाटात उडी टाकली होती. त्याने माती ओढली, बुडबुड्यांच्या जागी टाकली आणि अनवाणी पायांनी तुडवायला सुरुवात केली. टाच आधी, मग चवडा, एकाला लागून एक. कोणी त्याला हे शिकवलं नव्हतं. काल दिवसभर मेंढ्यांच्या मागे राहून तो शिकला होता. पाव तास गेला, अर्धा तास गेला. घाम पाण्यात पडत होता. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मावशी पाण्याकडे बघत होती आणि मनातल्या मनात आपल्या वडिलांना नको नको ते ऐकवत होती, की तुम्ही सांगितलेलं खोटं निघालं तर वर येऊन बघते तुमच्याकडे.

मग बुडबुडे थांबले. पाणी थोडं फुगलं आणि धाकट्याच्या घोट्यांना वळसा घालून पुढे निघालं.

सहाव्या दगडानंतर जुनी माती होती आणि पाण्याला वाट ओळखीची होती. पन्हळीवरून ते ओढ्यापलीकडे गेलं. मावशीने पान टाकलं. पान तिच्या पुढे चाललं. तिने मॅडमना पान दाखवलं नाही. निकाल द्यायला आलेल्याने आपलं आपण बघायचं, असा तिचा नियम. अकराव्या किलोमीटरला मॅडमनी स्वतःच एक पान टाकलं आणि त्या त्याच्याबरोबर चालत राहिल्या.

पावणेपाचला पाणी शेवटच्या गावाच्या तळ्यात पडलं. आधी एक धार, मग हातभर रुंद लोट, गढूळ, आणि वास मेंढ्यांचा. बागवाले काठावर उभे होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत; दोघे-तिघे घाईने आपल्या बांधाकडे गेले, झाडं तहानलेली होती म्हणून. मावशी तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, कामाच्या वेळात, सगळ्यांच्या देखत, पाटाच्या काठावर बसली.

मॅडमनी तळ्याच्या भिंतीवर अहवालाचे कागद ठेवले आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. "पाट चालू ठेवण्यास योग्य. पाइपची गरज नाही." बागवाल्यांत कोणीतरी जोरात श्वास सोडला. मॅडम पुढे वाचत होत्या. "सोमवारी पाणी न पोचण्याचं कारण: पाटकरी यांच्या चुकीच्या सूचनेवरून तळाची माती काढण्यात आली."

"मॅडम, ते खोडा," धाकटा म्हणाला.

तो चिखलाने कमरेपर्यंत माखलेला होता. "आई ताईकडे होती. जाताना ती मला सांगून गेली होती, तळाला हात लावू नकोस. मी लावला. फोटोत दगड दिसावेत म्हणून. ती गाळ नाही, माती आहे, हे मला कळलं नाही आणि मी कोणाला विचारलंही नाही. माझं नाव लिहा."

"दोन वर्षं खात्याचं काम मिळणार नाही तुम्हाला. हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

मावशी ताडकन उठली. "अरे गाढवा! दोन महिन्यांनी मी घरीच बसणार होते. माझं कोण काय वाकडं करणार होतं? गप्प बस म्हटलं होतं ना? माझं एकसुद्धा ऐकायचं नाही असं ठरवलंयस का?" आणि एवढं ओरडून झाल्यावर तिला रडू फुटलं. इतका राग आणि इतका अभिमान तिला एकदम कधी आला नव्हता, आणि दोन्ही एकाच पोराबद्दल. तिने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

मग ती मॅडमकडे वळली. "माझंही लिहा. मी खोटं बोलले."

मॅडमनी कागद उलटसुलट करून बघितला. "त्याला रकाना नाही, मावशी."

त्यांनी एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली, धाकट्याचं नाव नीट विचारून घेतलं. धाकट्याने सही केली. चिखलाचा अंगठा कागदावर उमटला. मॅडम म्हणाल्या, "साक्षीदाराची सही लागते. नातेवाइकाची चालत नाही." त्यांनी बागवाल्यांकडे बघितलं. बागवाले जमिनीकडे बघू लागले. धाकट्याच्या चुकीवर सही करायला कोणी पुढे येईना.

"पाटकऱ्याची चालते का?" मावशीने विचारलं.

मॅडमनी पेन पुढे केलं. "चालते."

मावशीने पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि मुलाच्या सहीखाली आपली सही केली.